टॉवेलांच्या खोलीत

ते गाणं आता तुम्हाला पाठच आहे.
हळदीला वाजतं, टमटममध्ये वाजतं,
गड्ड्यात मौत का कुआं फिरतो तेव्हा भोंग्यातून वाजतं,
आणि लांब कुठल्या होस्टेलच्या गच्चीवर
एखादी पोर ते कानात घालून रडते म्हणे.
एकटी, एकटी,
ए… कटी.

मुलाखतीत गोवर्धन सांगतो :
एक मुलगी होती, सात रस्त्याला, बस चुकलेली.
सात रस्त्याला मुली होत्या, बसही चुकायच्या,
पण हे खोटंय.
माइकच्या वायरी मी गुंडाळायचो. मला विचारा.

स्टुडिओ म्हणजे काय,
इराबत्तींचं बंद कारखान्याचं शेड, अशोक चौकाच्या मागं.
चार माग भंगारात गेले,
त्यांच्या पायांचे खड्डे तेवढे फरशीत राहिले.
आवाज घुमू नये म्हणून आम्ही भिंतींना टॉवेल ठोकले,
काठ चुकलेले, दुबईहून परत आलेले.
एकावर 'वेलकम' उलटं विणलं गेलं होतं,
ते बरोबर माझ्या डोक्यामागं.

दाराबाहेर ओट्यावर त्याची आई, भूदेवी.
मांडीत सूप, सुपात तंबाखू,
ओल्या फडक्यात पानं, कात्री, पत्र्याचं माप.
हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे.
चाळीस झाल्याशिवाय मान वर नाही.
सकाळी कारखान्यात मुनीम त्यातल्या
मूठभर छाट म्हणून बाजूला काढणार, ते वेगळंच.

त्या रात्री गोवर्धनला ओळ सापडेना.
'सजणी' लावून झालं, 'पाखरू' लावून झालं,
'बेबी'सुद्धा लावून झालं.
तेरा टेक.
मी म्हटलं, का बे, झोपू की आता.
त्यानं हेडफोन गादीवर फेकला, आम्ही चहाला गेलो.
रेकॉर्डिंग चालूच राहिलं.
दारही उघडंच.

दुसऱ्या दिवशी फायलीत ती सापडली.
तंबाखूनं खरवडलेला आवाज,
तेलुगूत कट्टे मोजणारा :
ओकटी…
आणि खोकला.
गणती मोडली, म्हणून परत पहिल्यापासून
ओकटी…
खोकला.
परत
ओकटी.

ओकटी म्हणजे एक. बस, एवढंच.
एक कट्टा.

पुण्याच्या कंपनीतला माणूस डोळे मिटून ऐकत बसला.
म्हणाला, एकटी! अरे, काय दुःख आहे या आवाजात.
गोवर्धननं माझ्याकडं बघितलं.
मी उलट्या 'वेलकम'कडं.
कुणीच काही बोललं नाही,
आणि गाणं झालं.

एका चांगल्या गाणारणीनं ते पुन्हा गायलं, गोड गायलं.
पण अम्माचा आवाज खाली ठेवलाय,
शेवटच्या कडव्यात, कान दिला तर लागेल.
आणि ती थाप, जिच्यावर तुम्ही खांदे उडवता,
ती मी टाकली.
खोकल्याच्या जागी.
बरोबर खोकल्याएवढी लांब.

पैसे आले, थोडे.
शेडला एसी बसला, अम्माच्या छातीचा फोटो काढला.
डॉक्टर म्हणाले, धूळ. ते तर आम्हालाही माहीत होतं.

पद्मशाली कार्यालयात पुतणीच्या लग्नात
तिनं ते पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.
हातात पुलिहोराचं ताट, भोवती पोरं नाचतायत.
गाणं संपल्यावर गोवर्धनला विचारलं,
'रेंडू एक्कड रा?
दोन कुठं गेला?
त्या बाईला पुढं मोजूच देईनात का कुणी?'
तो म्हणाला, अम्मा, गाणं तसंच असतं.
ती बरं म्हणाली, आणि मठ्ठा आणायला गेली.

परवा केबल न्यायला गेलो होतो.
ती तिथंच, ओट्यावर, सूप मांडीत.
मी उगाच थांबलो.
आता ती मनात मोजते.
ओठ हलतात फक्त.
खोकला आला की ओठ थांबतात,
आणि पुन्हा सुरू होतात.
कितव्यापासून, ते ऐकू येत नाही.