चौथं रीळ

माझा बाप गोष्ट नेहमी मधूनच सुरू करायचा.
"तर तो दोरीला लोंबकळतोय, खाली मगरी,
वर एकजण सुरीने दोरी कापतोय..."
कोण लोंबकळतोय? कुठल्या देशात? कशापायी?
शाबाला ठाऊक नसे.
तेवढ्यात रीळ संपलेलं असे
आणि त्याने सायकलवर टांग टाकलेली.

मुरगाव बंदरावर साहेबांचा क्लब,
वास्कोत पत्र्याच्या वखारीतलं थिएटर,
दोन्हींत मिळून चित्रपटाची प्रत एकच.
क्लबात उतरलेलं रीळ अर्ध्या तासात वास्कोला हवं.
मधे सव्वा कोस, एका अंगाला समुद्र,
पुढे कार्बाइडचा दिवा, मागे लाकडी पेटी,
पेटीत समुद्री चाचे, वाळूतला किल्ला,
पांढऱ्या घोड्यावरची बाई
आणि एक हत्ती.

क्लबात त्याला आत घेत नसत.
मागल्या खिडकीचा एक शिंपला निखळला होता,
तेवढ्या भोकातून दिसेल ते त्याचं.
शेवटच्या रिळाला मात्र तो पाठ फिरवून
चेनला खोबरेल लावत बसे.
"शेवट सगळे सारखेच. मधलं काय ते खरं."

वास्कोत इंग्रजी कुणाला येत होतं?
खाली सरकणारी पोर्तुगीज अक्षरं
औषधांच्या दुकानातला बारबोज मोठ्याने सांगे,
पदरचं दोन पैशांचं घालून.
साल युद्धाचं. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद.
कण्यांची पेज पिऊन आलेली माणसं
चाच्यांनी भाजलेली तंगडी फाडली की
तलवारबाजीला नसतील इतकी गप्प होत.

आणि बाप अंधारात पॅडल मारता मारता
त्या दोरीवरच्या माणसाला वाचवायचा.
तीनदा वाचवला, एकदा पाडला,
एकदा तर खारीवाड्यात
बांगडे विकायला बसवला.

मग ती मार्चातली रात्र.
बंदरात तीन वर्षं अडकून पडलेली परकी जहाजं,
ज्यांचे खलाशी बाजारात दाढी करायला येत.
बाप वळणावर पोचला आणि पाणी लाल.
एक पेटलं, मग दुसरं.
ज्वाळा डोलकाठीवर चढत होत्या
माडावर पाडेली चढावा तशा, सवयीने.
कुणीतरी उड्या टाकत होतं.
कोण, ते जवळून दाखवायला कुणी नव्हतं.
संगीतही नव्हतं.
त्याला सुचलं एवढंच, की पेटीत चौथं रीळ आहे
आणि या फिल्मला एक ठिणगी पुरे.
सदरा काढला, खाडीत बुडवला, पेटीवर टाकला,
आणि उघड्या अंगाने सायकल हाणली.

थिएटरात शिट्ट्या, पाय आपटणं.
"शाबा, खंय उरलो रे?" इनास मशीनपाशी घामाघूम.
बाप म्हणाला, जहाजं जळतायत. खरीखुरी.
"जळू देत," कुणीतरी ओरडलं, "आधी हे लाव!"
लावलं. त्यातही एक जहाज जळत होतं.
लोक बाकांवर उभे राहिले, नायकाने उडी मारली,
तो वर येईस्तोवर कुणी श्वास घेतला नाही.
आला वर. टाळ्या.
बाप दारातच उभा होता, ओला सदरा पिळत.

ऐंशी उलटल्यावर त्याला मी तो चित्रपट शोधून दिला,
दोरीवाला, अख्खा, बायण्याच्या खोलीत, टीव्हीवर.
मला दिसत होतं: डोंगर रंगवलेला,
तोच खडक तीनदा मागे जातो,
जहाज टबात सोडलेलं खेळणं,
काळे लोक काजळी फासलेले, त्यांना बोलायला वाक्य नाही.
तरी मीही पुढे सरकून बसलो होतो.
तो पहिली वीस मिनिटं बघत होता
एखाद्या जुन्या मित्राचा लहानपणीचा फोटो बघावा तसा.
मग दोरी आली. मगरी. सुरी.

बाप उठला. चपला पायात सरकवल्या.
"बाबा, आता तर कळेल—"
"इनास खोळंबला असेल," तो म्हणाला,
आणि दारात थांबून, हात मागे नेऊन,
पेटी घट्ट बांधलीय का ते चाचपत राहिला.