गुण्या

"ही बास्टर्ड," कानस वर धरून खैरनार सर म्हणाले
आणि आमची बॅच फिसकन हसली.
सर थांबले. सव्वीस वर्षं
ते याच शब्दापाशी थांबत आलेत.
"झालं? आता अ‍ॅप्रन बांधा."

पन्नास बाय पन्नास, जाडी सहा.
माइल्ड स्टीलचा गंजका तुकडा
व्हाइसमध्ये आवळून घासायचा.
बाकीच्या तासांना मी शिकत होते
मॅट्रिक्सची रँक, सिमेंटचे प्रकार,
नुसतं "हॅलो" म्हणणारा प्रोग्राम.
मंगळवारी दुपारी मात्र
पुढं रेटायचं, मागं उचलायचं, तीन तास.
"कानस जाताना कापते.
येताना तिला त्रास देऊ नका."

मग सर कडेला गुण्या लावायचे,
एक डोळा मिटून खिडकीसमोर धरायचे.
"उजेड दिसतो?"
"दिसतो सर."
"मग चुकलंय."

चौथ्या आठवड्यात तळहाताला दोन फोड.
सटाण्याचा रोशन अहिरे म्हणाला,
मागच्या गल्लीत दीडशेला तयार जॉब मिळतो.
मला तर घरीच फुकट होता.
पप्पा अंबडला, सरफेस ग्राइंडरवर, सेकंड शिफ्ट.
डब्याच्या पिशवीतून तुकडा गेला
आणि रात्री साडेबाराला परत आला, आरसा होऊन.
त्यात पप्पांची हनुवटी दिसत होती,
दाढी वाढलेली, खूश.
"दोन पासात झाला. सांग तुझ्या सरांना,
दोन मायक्रॉन."

सरांनी गुण्या लावला.
खिडकी पूर्ण बंद झाल्यासारखी झाली.
त्यांनी अंगठा फिरवला,
मग तुकडा नाकाशी नेला.
"कूलंट," म्हणाले.
आमच्या दोरीवरच्या सगळ्या शर्टांचा वास.

"कुणाचा हात?"
"पप्पांचा."
"कुठं असतात?"
"अंबडला."

बराच वेळ त्यांनी तो खाली ठेवला नाही.
"हात चांगलाय," शेवटी म्हणाले,
"पण त्यांचं अ‍ॅडमिशन नाहीये."
आणि रॅकमधून नवा तुकडा काढून
माझ्यापुढं टाकला. गंजका.

रात्री पप्पा हात धुता धुता म्हणाले,
"काय म्हणाले सर?"
"हात चांगलाय म्हणाले."
"असं म्हणाले?"
"हो."
त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.
पुढचं वाक्य मी ताटाखाली सरकवलं.

आता डिसेंबर. वर्कशॉपच्या पत्र्यातून थंडी गळते,
स्टील बोटांना चावतं.
रोशनचा जॉब पास झाला,
तो कँटीनमध्ये मिसळ खातोय.
मी गुण्या लावते, एक डोळा मिटते.
त्र्यंबक रोडवरचं चार वाजताचं ऊन
डाव्या कोपऱ्यातून आत येतंय,
केसाएवढं.

"सर, दिसतो अजून."
"मग घास."