रिकामं काडतूस

मासळीच्या बंद कारखान्यामागे, खडीच्या खाणीत,
मकारमामानं ड्रमवर पिठाची जुनी गोणी ठेवली,
आत वाळू भरलेली.
वर ती रायफल. तीनशे पंचाहत्तर.
दस्त्याला तडा, तड्याभोवती जाळ्याचा दोरा
गच्च गुंडाळलेला.

मी सतरा वर्षांची, अंगानं काटकी,
आणि गावभर ठाऊक होतं
की दुर्बिणीनं एफिमच्या भुवईवर
अर्धा चंद्र कोरला होता. पाच टाके.
अजून तो चर्चच्या दारात टोपी काढताना
दुसऱ्या हातानं कपाळ झाकतो.

आमच्या गावात घोडा नाही.
रस्ताच मुळी अर्ध्या मैलाचा, पुढे समुद्र,
घोडा जाणार कुठं?
घोडा एकच, तो बंदुकीचा,
आणि लाथेची कसर तो एकटाच भरून काढतो.

"दस्ता खांद्याच्या खळगीत. हाडावर नको,
दंडावर तर नकोच.
डोळा काचेपासून चार बोटं लांब.
धर, पण आवळू नकोस.
परास्का, होडी लाटेवरून आदळते
तेव्हा गुडघे कसे ठेवतेस?"
"सैल."
"मग खांदा म्हणजे गुडघाच समज."
मला हसू आलं. त्याला नाही.

"श्वास अर्धा सोड. उरलेला राहू दे तिथंच.
आता दाब. हळू. इतकं हळू,
की सुटली हे
सगळ्यांत शेवटी तुला कळावं."

सुटली.
आभाळ एकदम दातांत आलं.
स्प्रूसमधून डोमकावळे उठले, शिव्या देत लांब गेले.
सामनचा डबा होता तिथंच.

दुसरी. तिसरी.
चौथं काडतूस त्यानं भरलं, माझ्याकडे पाठ करून.
मी दाबलं.

खट्.

ना जाळ, ना आवाज,
आणि माझे डोळे घट्ट मिटलेले,
खांदा मागे, नळी मातीत,
कुणी मारलंच नव्हतं
आणि मी मार चुकवत होते.

मामानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला.
पहिला घोट स्वतः घेतला.
"तिची लाथ एकच गं," म्हणाला,
"तू दोन खातेस. आधीची तुझी तू."

मग अख्खा सप्टेंबर रिकामी रायफल.
स्वयंपाकघरात, खिडकीतून दिसणाऱ्या बोयावर नेम,
खट्, खट्,
आणि आई ओरडायची, कांदा तरी चिरू दे सुखानं.

ऑक्टोबरात अफोग्नाकवर
आल्डरच्या झाडोऱ्यातून एल्क बाहेर आला,
शिंगांवर ओलं शेवाळ, तोंडातून वाफ.
त्या वेळचा धक्का मला आठवत नाही.
आवाजही नाही.
आठवतं ते त्याचं पुढचे दोन गुडघे टेकणं,
आणि नंतर मांस वाहून वाहून
माझे स्वतःचे.
रात्री शेगडीपाशी सदरा काढला
तर खांद्यावर डाग उमटलेला,
कालवाच्या शिंपल्यात आतून असतो
तसला निळा.

बावीस वर्षं झाली.
परवा त्याच खाणीत
मामा माझ्या आन्फिसाला दाखवत होता, कसं बसायचं ते.
एकोणऐंशीचा. एका कानानं बहिरा,
दुसऱ्यानं सोयीपुरता.
मला काय सुचलं कोण जाणे.
त्यानं भरायला हात पुढे केला
आणि मी तळहातावर ठेवलं
आधीच उडालेलं. बोटांनी त्याला कळायला हवं होतं,
पण बोटंही आता एकोणऐंशीची.

खट्.

नळी तसूभर हलली नाही.
पण तो खांदा,
चाळीस हिवाळ्यांत घरोघरी मांस पोचवणारा,
एवढासा,
पापणीसारखा
मिटला.

मी पाहिलं.
मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं.
"कधीपासून?"
"पहिल्यापासून," मामा म्हणाला,
"नळीला सांगत नाही, एवढंच."

आन्फिसाचं लक्ष नव्हतं.
ती खडीतली पितळी टरफलं वेचत होती,
एक ओठांशी धरून
फुंकत होती, वाकडं करून, सरळ करून,
शिट्टी वाजेपर्यंत.