मला आधी टी शिकवा

(साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळचं एक बेट, १८६७)

बाई, ते सफरचंद राहू द्या.
मी कधी खाल्लं नाही, पाहिलंही नाही.
ए कुणाचा कोण, मला काय त्याचं.
मला आधी टी शिकवा.

मिस थॉर्नडाइक परवाच बोटीतून उतरलेल्या,
चिलटांनी गाल सुजलेले.
म्हणाल्या, बायना, अक्षरांना क्रम असतो.
असेल, म्हटलं.
साठ वर्षं दुसऱ्यांच्या क्रमाने उठले, बसले, विकली गेले.
ह्या एका गोष्टीत माझा क्रम.

सरकी काढायच्या शेडमध्ये शाळा.
शिंपल्यांच्या चुन्याच्या भिंती, बसायला उलटी खोकी,
दिव्याऐवजी राळेचं लाकूड.
त्या धुरात शेजारी क्वॉशचा नातू,
सात वर्षांचा, माझ्याहून चार धडे पुढे,
आणि ते रोज ऐकवणारा.

टी लगेच आला.
उभा खांब, वर आडवी दांडी.
ह्याच छपराखाली लटकायचा तो काटा,
संध्याकाळी टोपली अडकवायची
आणि वजन कमी भरलं तर.
तो मी डोळे मिटून काढला असता.
आय म्हणजे नुसता खांब.
मग पुन्हा काटा.
यू म्हणजे बादली.
एस मात्र भातखाचरातला साप,
महिनाभर माझ्या हाताखालून निसटत राहिला.

टायटस.

नवव्या वर्षी नेला त्याला.
पेरणी चालू होती, माझे पाय चिखलात होते,
चिखल गार होता,
हे आठवतं. चेहरा नीट आठवत नाही.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काळ्या दगडावरची रेघ म्हणे पुसत नाही.
पाटी काय, काळा दगडच की.
क्वॉशचा नातू थुंकी लावून पुसून टाकायचा माझा मुलगा,
त्याला घोडा काढायचा असायचा.
मी पुन्हा लिहायची.

मग दोन डझन अंडी आणि धुण्याचे साठलेले पैसे देऊन
पेपरात चार ओळी छापून घेतल्या:
मुलगा, नाव अमुक, डाव्या भुवईवर व्रण,
कुणाला ठाऊक असल्यास.
तो पेपर गावोगावच्या चर्चमध्ये वाचतात म्हणे.
अकरा महिने गेले.

अलाबामाहून पत्र आलं.
मिस थॉर्नडाइक म्हणाल्या, वाचून दाखवू?
नको, म्हटलं.
तीन संध्याकाळी लागल्या.
टायटस होतं. दोनदा होतं.
चौथ्या ओळीत 'आई' होतं, आणि पुढे तिचं नाव,
ते बी पासून सुरू होत नव्हतं.

दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर
आधी घसा खाकरला असता, माझा हात धरला असता,
एखादी ओळ गाळलीही असती.
अक्षरं हात धरत नाहीत.
ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा बरी होते,
असं त्या रात्री वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्याने लिहून घेतलं होतं:
माझी आई कँडेस. सव्हानाच्या बाजारात ताटातूट झाली.
तुम्ही ती नाही, हे कळतं.
माझ्या भुवईवर व्रण नाही.
तरी विचारतो.

दोन दिवस शाळेत गेले नाही. भुईमूग उपटत बसले.
तिसऱ्या दिवशी म्हटलं, बाई, सी कसा काढायचा?
त्यांनी काढला.
मी बघत राहिले.
गळ्यातलं कडं लोहार एका बाजूने तोडतो ना,
तसा.

रविवारी उभी राहिले चर्चमध्ये,
चश्मा क्वॉशचा, कागद माझा.
आई, नाव कँडेस, असं वाचत गेले,
प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, अडखळत.
मागून कुणी बाई ओरडली, ऐकू येत नाही,
मोठ्याने वाच.

मोठ्याने वाचलं.