तारेतल्या चिठ्ठ्या

साखरीनाट्याच्या सोसायटीसाठी प्रोग्राम लिहिला
तेव्हा बटणालाच देऊन टाकली होती टाकीची चावी.
बोट टेकलं की डिझेलची शिल्लक कमी. पंधरा दिवस झकास.

मग एका पहाटे रेंज गेली
आणि सिकंदर तांडेलाने वैतागून तेच बटण तीनदा दाबलं.
लाँचमध्ये दोनशे लिटर, हिशेबात सहाशे.
"चारशे काय माशांनी प्यायलं?"
सगळे हसले. मी नाही.

दोरलेकर हसले का, कळलं नाही.
पस्तीस वर्षं वही त्यांच्याकडे. कान इंजिनांनी खाल्लेले.
आरडाओरडा ऐकायला खिडकीवर जुबेदा:
कोणी शिवी घालतो, कोणी दोनदा मागतो,
कोणी मागून "नको, राहू दे" म्हणतो.
ती सगळं ऐकते, एकच चिठ्ठी लिहिते, तारेत ओवते.
दोरलेकर चिठ्ठी काढतात, नंबर बघतात,
आधी चढवलेला असला तर बाजूला,
नाहीतर वहीत एक ओळ.
बाहेर फळ्यावर पोरगा शिल्लक लिहितो, वहीत बघून.
त्याच्या हाती खडू. पेन द्यायचं नाही.

तिथेच बर्फाच्या पेटीवर बसून मी कोड उसवला.
बटणाकडून चावी काढून घेतली;
त्याने आता फक्त सांगायचं, कोण, किती, कुठल्या नंबराची चिठ्ठी.
आकडे आतल्या खोलीत, जिथे हाक पोचत नाही.
पडद्याला म्हटलं, तू फळा. वाच आणि दाखव.
दोरलेकरांचं बहिरेपण
चाळीस ओळींत बसलं.

नारळी पुनवेनंतर आठवड्याने 'फैजान' परतली नाही.
न येण्याला बटण नसतं.
तार मोकळी. माझ्या पडद्यावर तिचं डिझेल
एकशे ऐंशी, हिरव्या अक्षरांत,
अगदी बरोबर.

जुबेदाने रात्रभर खिडकी लावली नाही.
दोरलेकर वही मिटून धक्क्याच्या टोकाला,
मान एका बाजूला कलती करून,
ऐकू येणारी माणसं करतात तशी.

तिसऱ्या दुपारी ती आली, आंबोळगडाकडून,
दुसऱ्या लाँचच्या दोरखंडाला. पंखा तुटलेला.
जुबेदा ओरडली. टेबलाशी दोरलेकरांची पाठ हलली नाही.
मग तिने चिठ्ठी लिहिली, लिटरची जागा कोरी ठेवून,
आणि तारेत ओवली.

त्यांनी ती काढली. दोनदा वाचली.
वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता.
खिशात घातली.

माझ्या प्रोग्रामला खिसा नाही अजून.