मंगळवारची बैठक

इशाची नमाज आटोपली की मी लिंक पाठवते.
साडेआठ. बरका, मुसन्ना, सुवेक, सहम,
किनाऱ्यावरची गावं एकेक चौकोन होऊन उघडतात.
कुणाचा कॅमेरा छताच्या पंख्याकडे,
कुणाचा मजलिसमधल्या कहव्याच्या किटलीकडे.
उम्म झाहिरचा कधीच चालू नसतो,
पण वही असते ती तिच्या एकटीकडेच.
"मागच्या खेपेला तू दीड मिली म्हणालीस, मुहंदिसा,
आज दोन म्हणतेस."
मी माफी मागते. पांढरी माशी वाढलीय, म्हणते.

सहा वर्षं झाली, तरी माझ्या अरबीला भूतकाळ फुटलेला नाही.
नुसता आज्ञार्थ: फवारा. थांबा. तोडा.
गुरुवारी पहाटे क्रेट भरा,
उन्हं चढल्यावर आलेला टोमॅटो पट्ट्यावरच फुटतो.

मग तक्ता. कुणाच्या शेताचा ब्रिक्स किती.
आमची फॅक्टरी गोडीवर भाव देते,
साडेचारच्या खाली कपात, साडेपाचच्या वर बक्षीस.
पहिलं नाव: सुलेमान बिन खलफान, सुवेक.
सहा पूर्णांक दोन.
"माशाल्ला," मॅनेजर म्हणतो.
एक अंगठा उगवतो, मग नऊ.

सुलेमानच्या चौकोनात सुलेमान नसतो.
तो फोन मोफिजकडे देऊन जेवायला जातो.
नाव मालकाचं, काचेवरच्या अंगठ्याची भेग मोफिजची.
दोन हंगामांत एक शब्द बोलला नव्हता.
आज त्याने म्यूट काढला.
आधी पंप ऐकू आला, मग तो,
सिल्हेटच्या हिंदीत:
"मॅडम, इतना मीठा है,
तो पेड़ मर क्यों रहा है?"

एकतीस चौकोन गप्प.
टॉर्चच्या उजेडात त्याने पान धरलं, कडा जळालेली.
मग स्टीलची थाळी.
विहिरीचं पाणी दिवसभर उन्हात ठेवलं होतं म्हणाला,
आता तळाशी नुसती पांढरी कड,
नखाच्या चंद्राएवढी.

त्याचं 'मीठा' माझ्या मराठी कानात
मीठ होऊन पडलं.
आणि उत्तर तेच होतं.
आपण गोडं पाणी उपसत गेलो, मोफिज,
तसतसा समुद्र खालून आत आला.
खारं प्यायलेलं झाड भर पाण्यात तहानेलं राहतं,
फळाला पाणी पुरत नाही, साखर दाटते.
फळ लहान होतं. फळ गोड होतं.
तुझा पहिला नंबर
हा त्या जमिनीचा ताप आहे.

हे तीन भाषांत सांगायचं होतं,
आणि ऐकत होता मॅनेजर, ज्याला गोडी हवीय.
आमच्याकडे म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
मी कुणाचं खाल्लंय
ते दर अठ्ठावीस तारखेला बँकेचा मेसेज सांगतो.
"चार नंबरची विहीर बंद करा," मी म्हणाले.
"हंगामानंतर नाही. आज."
आज्ञार्थच. तेवढाच जमतो.

मॅनेजरने घसा खाकरला. पुढची स्लाइड, म्हणाला.
उम्म झाहिर मध्येच:
"किती मिठापर्यंत झाड टिकतं, ते सावकाश सांग.
लिहून घेते."
मी सांगितलं. दशांश चिन्हासकट.

सव्वानऊला सगळे गेले.
एक चौकोन उरला.
फोन बांधावर विसरला असावा,
वर काळं आकाश, खाली मालकाचं नाव,
आणि पंपाचा आवाज.
बैठक संपवायचं बटण माझ्याकडे होतं. दाबलं नाही.
लॅबमध्ये शिजत्या पेस्टचा वास,
डब्यांची खडखड भिंतीपलीकडे.
मातीवर चपला वाजल्या.
मग पंप थांबला,
की फोनची बॅटरी संपली,
अजून माहीत नाही.

परवा गुरुवार. क्रेट येतील.
यंत्रात घालण्याआधी
त्याचा एक टोमॅटो चाखून बघीन.