दाराचा आवाज

तुर्भ्याला पुलाच्या सावलीत माझी पीयूसीची व्हॅन असते.
गाडी येते, मी सायलेन्सरमध्ये नळी घालते,
रेस द्या म्हणते,
मशीन आकडा सांगतं.
नंबरप्लेटचा फोटो, शिक्का, पुढची गाडी.
अकरा वर्षं झाली. खोकलाही आता गिऱ्हाइकासारखा
वेळेवर येतो.

घणसोलीचे बुधाजी भोईर यायचे वर्षातून एकदा,
चंदेरी फोक्सवागन, डिझेलची.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट बिल्डरला देऊन घेतलेली.
उतरायचे आणि दार मुद्दाम दोनदा लावायचे.
"आईक. डबा वाजतं का?"
नाही वाजायचा.
मिठाच्या गोणीवर गोणी टाकावी
तसा आवाज. त्यांच्या बापाचं मिठागर होतं,
त्यांना तो कळायचा.
"जर्मन हाय ती, पोरी. तिकरं खोटं नाय चालत."

दुपारी नाका ओस असतो. मोबाइलवर वाचत बसले एकदा.

एक कारखाना, माळावर उभा केलेला,
त्याच्यासाठी अख्खं शहर आखलेलं.
(शहर आखणं म्हणजे काय, ते आम्हाला नको सांगायला.
आमच्या भातात सेक्टर उगवले तेव्हा
मी आईच्या कडेवर होते.)
लोकांची गाडी, नावच तसं.
आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट, वहीत चिकटवायचं,
वह्या भरल्या की गाडी दारात.
तीन लाखांवर माणसांनी जिभेनं ओली करून
चिकटवली असतील तिकिटं.
गाडी एकालाही मिळाली नाही.

लढाई सुरू झाली. तिथं लष्कराच्या गाड्या बनू लागल्या,
आणि बनवायला परमुलखातून धरून आणलेली माणसं.
त्यातल्या बायांची तान्ही बाळं
वेगळ्या घरात ठेवायचे.
शेकड्यांनी गेली ती.
इथं मी मोबाइल पालथा ठेवला.
एक रिक्षा आली होती. तिचं पीयूसी केलं. फेल झाली.

मग पुढचं वाचलं.
हरलेल्या देशात, फुटक्या छपराखाली,
ज्यांनी हरवलं त्यांनीच गाड्यांची ऑर्डर दिली.
गोल पाठीची, इंजिन मागे, डिकी पुढे,
लहान मुलानं काढावी तशी गाडी.
जगभर दोन कोटींवर खपली.
लोक तिला लाडाची नावं ठेवू लागले.
इतक्या लाडात
कोण कुणाची बाळं विचारणार?

आणि अगदी शेवटी, डिझेल.
तपासणी चाललीय हे गाडीला कळायचं.
तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागायची,
रस्त्यावर आली की पुन्हा आपलं खरं.
लाखो गाड्या. वर्षानुवर्षं.
आकडे सगळे चोख.

मी माझ्या नळीकडे बघितलं.
ती फक्त धूर मोजते.
त्यांनी जे लपवलं होतं, ते ती मोजतच नाही.
बुधाजींची गाडी दर वर्षी पास केली मी,
माझ्या सहीनं.

पुढच्या खेपेला त्यांना सांगितलं सगळं.
बराच वेळ ते बोनेटवर हात ठेवून उभे.
"बापाला पन एक कागूद दिल्ला होता," म्हणाले,
"जमनीचा. तीस वरसं ट्रंकेत."
मग बसले,
दार एकदाच लावलं.
गोणीवर गोणी.
खोटं बोलणाऱ्याचा आवाज असा भरदार
कसा असू शकतो, हे मला अजून कळलेलं नाही.

हल्ली सून आणते गाडी. वैदेही.
मागच्या सीटवर मुलाचं दप्तर, काचेवर गणपतीचं स्टिकर.
ती दार हळू लावते, कुणी झोपलेलं असावं तसं,
आणि आवाज तोच येतो.
मी नळी घालते.
रेस द्या, म्हणते.
कागदावर शाई फिकी उमटतेय,
टोनर बदलायला हवा.